गरुड बसलेत

१ फेब्रुवारी १९८८. तोगाशी योनेकिचींचा जानेवारीचा टेहळणी भत्ता, ४,५०० येन, मी स्वतः टेकडीवर पोहोचवला. जपानच्या उत्तर टोकाला, राउसू बंदरातल्या मच्छीमार संस्थेत मी हिशेबनीस. बायको गेल्यापासून तोगाशी तिथे एकटेच राहत. काम एवढंच, की उत्तरेकडून बर्फ वाहत येताना दिसला की फोन करायचा, म्हणजे होड्या जाळी ओढून परततील. पण ते रोज सकाळी सातला फोन करतच. "बर्फ नाही. गरुड बारा, सगळे झाडावर." दिवसभरात ते एवढंच बोलत असावेत.

बर्फ ते गरुडांवरून ओळखत. पांढऱ्या खांद्यांचे ते प्रचंड समुद्रगरुड भर समुद्रात बसले, की खाली बर्फ असणारच.

तीन तारखेला फोन आला, "गरुड बसलेत! समुद्रात!" एकोणीस होड्या रिकाम्या परतल्या. दुपारी कळलं, गरुड मेलेल्या देवमाशावर बसले होते.

धक्क्यावर मिनातो नाखवा म्हणाला, "काय आजोबा, तुमच्या बर्फाला शेपूट होतं म्हणे!"

सगळे हसले. तोगाशीही हसले. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

सातव्या दिवशी मी टेकडी चढलो. फोन टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलेला. दुर्बीण मात्र खिडकीतच.

"तोगाशी-सान, फोन करत जा हो. मिनातोसुद्धा विचारत होता."

"खोटं बोलताना तुम्ही गुंडी चाचपता, हिशेबनीस."

मी हात खाली घेतला. त्यांनी चहा दिला. कप एकच होता, तो मला.

दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला. "गरुड बसलेत. सतरा. खाली काय आहे, ते मी सांगणार नाही."

मी वायरलेसवर कळवलं. "शेपूट बघितलं का त्यांनी?" मिनातो खेकसला, पण जाळी ओढली. दहा वाजता बर्फ बंदराच्या तोंडाशी होता, होड्या आत होत्या.

मी फोन केला. "बर्फच होता."

"असं का. आणखी काही?"

"नाही, एवढंच," म्हणून मी फोन ठेवला.

मार्चमध्ये फेब्रुवारीचा भत्ता घेऊन गेलो, तर त्यांनी पाकीट परत केलं. "सात दिवस फोन केला नाही. तेवढे कापून आणा."

मी कापले नाहीत, पाकीट तसंच खणात ठेवलं. मेमध्ये ते वारले. फेब्रुवारीचे ४,५०० येन द्यायचे राहिले आहेत.