ओठांत चार क्लिपा

आधीच सांगतो, भूतबित आपल्याला कधी पटलंच नाही. वरोऱ्याच्या शाळेत झाडामागून हडळीचा आवाज काढून पोरं पळवणारा मीच... त्यामुळे हडळ किती खरी, हे मला पक्कं माहीत! हेडमास्तर, कंडक्टर, आताचा मॅनेजर — सगळ्यांचे आवाज काढून झालेत.

टेक्सासात अर्विंगला मी सुलभाकाकूंकडे वरच्या खोलीत भाड्याने राहतो. त्यांचे मिस्टर, शेखरकाका, मागच्या हिवाळ्यात गेले. त्यांचा घोगरा, नाकातला आवाज मी हुबेहूब काढायचो. ते स्वतःच खो-खो हसायचे. ते गेले आणि मी तो बंद केला.

तर झालं असं — काकांची ती भली मोठी एसयूव्ही पार्किंगमध्ये कुणीतरी मागून ठोकली. बंपर फुटला, सायलेन्सर वाकला. रोहन, म्हणजे त्यांचा मुलगा, इथेच जन्मलेला. म्हणाला, "डॅड कधी शॉपमध्ये नाही न्यायचे. वी विल डू इट."

शनिवारची दुपार. गॅरेजचं दार उघडं, लख्ख ऊन. गाडी मागून उचलून स्टँडवर ठेवलेली. बंपर मी काढत होतो. त्याच्या प्लास्टिकच्या क्लिपा हरवायला नकोत म्हणून ओठांत धरल्या होत्या, चार. रोहन गाडीखाली आडवा, सायलेन्सर ज्या रबरांवर लटकतो ती ओढून काढत होता.

आणि अगदी माझ्या कानाशी —

"रोहन! डोकं काढ!"

रोहन सर्रकन बाहेर सरकला. तेवढ्यात रबरांवरची गंजलेली पट्टी तुटली आणि सायलेन्सर धाडकन खाली... जिथे त्याचं तोंड होतं, बरोब्बर तिथे.

तो उठला तो तापलेलाच. "ड्यूड, नॉट फनी! डॅडचा आवाज नाही काढायचा!"

मी बोलणार कसा? एकेक क्लिप काढून तळहातावर ठेवली. तो त्या चार क्लिपांकडे बघतच राहिला.

एवढ्यात काकू आतून धावत आल्या, हाताला कणीक तशीच. "कोण ओरडलं रे?"

"मी नाही काकू. शप्पथ."

"मग आता ओरड बघू."

"काकू, नको ना..."

"ओरड म्हणते ना!"

ओरडलो. तोच घोगरेपणा, तीच नाकातली ओढ. जीव ओतला अक्षरशः.

काकूंनी मान हलवली. "छान काढतोस. पण ह्यात तू आहेस रे."

नवा सायलेन्सर, नवा बंपर आम्ही बसवला, पण कामापुरतंच बोलून. रोहन म्हणतो, टेन्शनमध्ये ब्रेन काहीही ऐकतो. मान्य. पण तिघांचे ब्रेन एकदम? आणि काकू तर किचनमध्ये होत्या, एक्झॉस्ट फॅन लावून.

जेवायला वाढताना काकू हळूच म्हणाल्या, "ह्यांचा आवाज आता नको काढूस हं. आज खरा ऐकलाय मी. त्याच्यावर दुसरा बसायला नको."

तेव्हापासून एकटा असतानाही काढलेला नाही. ते काय होतं, कुणाला सांगता आलं तर सांगा... मला अजून काहीच कळलेलं नाही.