निघोज्याला दोन दिवस, सोबत वाफेचं मशीन

लोक गोव्याला जातात, हिमाचलला जातात, आणि मी ब्लॉग लिहितेय कुठला, तर ताथवडे ते निघोजेचा. हसा खुशाल! पण आमच्या घरात या प्रवासावरून जेवढी भांडणं झाली तेवढी कुणाची लेहला जातानाही झाली नसतील.

झालं असं की चाकण पट्ट्यातल्या एका कंपनीत क्वालिटी विभागात मला नोकरी लागली. पहिली शिफ्ट, मंगळवारी रुजू व्हायचं होतं. ताथवड्याहून कंपनीची बस पकडायची तर पहाटे अंधारात घर सोडायचं, आणि तिथेच सगळं अडलं. कारण मला सिस्टिक फायब्रोसिस आहे, आणि माझी सकाळ माझ्या मालकीची नसते. हा जन्मापासूनचा आजार. अंगातला चिकट स्राव गोंदासारखा घट्ट होतो, फुप्फुसात कफ साचतो, जेवण पचत नाही. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझरवर खारट पाण्याची वाफ घ्यायची, मग कफ मोकळा करायचा, मग मशीनचे सुटे भाग धुऊन उकळत ठेवायचे. आणि काहीही खाल्लं की त्यासोबत पचनाच्या कॅप्सूल. एवढं सगळं उरकून पहाटेची बस कोण पकडणार?

निघोज्याला माझी आत्या राहते. तिच्या घरापासून कंपनी मोटारसायकलवर पाच-सात मिनिटं. तिच्याकडे राहिले तर सकाळ हाताशी राहते. आईला हे अजिबात पसंत नव्हतं. गेल्या हिवाळ्यातलं माझं दवाखान्यातलं राहणं तिच्या डोळ्यांपुढून हलत नाही. शेवटी ती म्हणाली, "दोन दिवस राहून ये. आल्यावर काय काय झालं ते सांग, मग बघू." मी आपली फुशारकी मारली, "वाफेची एकही वेळ चुकवणार नाही, बघच तू!"

बुधवारी दुपारी निघाले. निघोज्याला जाणाऱ्यांसाठी सांगते: भोसरीहून राजगुरुनगरची बस घ्या, कुरुळी फाट्यावर उतरा, तिथून डावीकडे गावात जायला शेअर रिक्षा मिळतात. तिकीट खिशाला जड नाही. जड असतो तो वेळ, कारण मोशी ओलांडली की कंटेनर आणि ट्रेलर सगळा रस्ता अडवून उभे असतात. तोंडाला मास्क हवाच, माझ्यासारखी छाती नसली तरी.

भोसरीत बस बदलायची होती, पण मी मुद्दाम जरा थांबले. माझं सगळं लहानपण इथलं. पप्पा एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. आमची भाड्याची खोली होती, तिथे आता तीन मजली इमारत झालीय आणि खाली मोबाइलचं दुकान. पण गल्लीच्या तोंडाशी यंत्राच्या तेलाचा वास अजून तसाच येतो. हा वास आला की मला पप्पा घरी आल्यासारखं वाटतं, आजही. पप्पांना जाऊन काही वर्षं झाली. कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव खाल्ला, कॅप्सूल घेतली, डोळे पुसले आणि बसमध्ये चढले. वडा मात्र पूर्वीसारखा राहिला नाही राव.

बसमध्ये कंडक्टरनं मांडीवरच्या पिशवीकडे बोट केलं. "ताई, ह्यात काय? मिक्सर?"

"नाही हो, वाफेचं मशीन आहे."

"मोमोजची गाडी टाकताय का?"

मागच्या सीटवरचे दोघे खो खो हसले. म्हटलं, हो, टाकतेय, या खायला! पूर्वी मला अशा चौकशांचा राग यायचा. आता तेवढाच प्रवास बरा जातो.

इंद्रायणीचा पूल आला तेव्हा खिडकीतून डोकं बाहेर काढायचा मोह झाला. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत पप्पा मला सायकलवरून इथून न्यायचे. तेव्हा पुलापलीकडे कांद्या-ज्वारीची वावरं होती. आता कंपन्यांच्या निळ्या पत्र्यांच्या शेड आहेत, मध्येच एखादं वावर उरलंय, आणि त्याच्या बांधावर प्लॉटिंगची पाटी. मला फार वाईट वाटलं. आणि गंमत बघा, मी चाललेय ती अशाच एका शेडमध्ये नोकरी करायला.

आत्या दारातच उभी होती. पप्पांची धाकटी बहीण. तिनं मला जवळ घेऊन गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, "अजून खारटच हायस गं बाय!" हे आमचं जुनं. या आजारात घाम फार खारट असतो, आणि मी तान्ही असताना ते पहिल्यांदा आत्याच्या लक्षात आलं होतं. सगळे तेव्हा हसले. पुढे किती वर्षं टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, आणि शेवटी एका डॉक्टरनं घामाची तपासणी केली तेव्हा निदान झालं. आत्या अजून मिरवते, "डागदरच्या आधी मला कळलं व्हतं."

संध्याकाळची वाफ व्यवस्थित झाली. मग जेवणाला बसलो. आतेभाऊ बाळूदादाच्या ताटात मासवडी, वर तेलाचा तवंग असलेला लालभडक रस्सा, बाजरीची भाकरी. आणि माझ्या ताटात मऊ भात, बिनफोडणीचं वरण, मिठाचा पत्ता नाही.

"आत्या, हे काय?"

"पथ्य नको व्हय? आजारी माणसाला तेल-तूप सोसत न्हाई."

अहो, माझं पथ्य उलटं! मला तूप जास्त हवं, मीठ जास्त हवं, चारी ठाव जेवायला हवं, फक्त सोबत कॅप्सूल हवी. डॉक्टर मला वजन वाढव म्हणून ओरडतात आणि आत्या मला भातावर ठेवणार! हे तिला समजावता समजावता रस्सा गार झाला. शेजारच्या काकू उंबऱ्यात येऊन टेकल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "पोरीला टीबी हाय का गं?"

आत्या ताडकन म्हणाली, "न्हाई! हिचा रोग हिच्यापाशी. लागत न्हाई कुणाला. बसा तुमी, मासवडी खावा." आणि माझ्या ताटात तुपाची अख्खी वाटी उपडी केली. अशी आमची आत्या. एका घरी खाल्लं की दुसऱ्या घरचे रुसतात, म्हणून रात्रीपर्यंत आणखी दोन घरचा चहा आणि चिवडा झाला. प्रत्येक घरी मी पर्समधून डबी काढायची आणि प्रत्येक घरी पहिल्यापासून सगळं सांगायचं. तुम्ही औषध घेऊन गावाला जाणार असाल तर डबी मोठी न्या आणि धीर त्याहून मोठा.

गुरुवारी सकाळी लवकर उठले. अगदी शिफ्टला जायचंय असं धरून. चेंबरमध्ये औषध भरलं, तोंडाला मास्क लावला, बटण दाबलं. मशीन घुरघुरलं आणि एकदम गप्प.

लाईट गेली होती.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. गुरुवार! आमच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे रविवार. कारखान्यांना सुट्टी आणि दुरुस्तीसाठी लाईट बंद. भोसरीत माझा प्रत्येक गुरुवार बिनलाईटचा गेला. बाळूदादाला सुट्टी असते, तो कंपनीचा रस्ता दाखवेल, म्हणून मीच तर हा वार निवडला होता. सुट्टी तेवढी आठवली आणि लाईट विसरले! ताथवड्याच्या सोसायटीत जनरेटर आहे ना, त्यानं माझी अक्कल पार गंजवून टाकलीय.

"कधी येईल लाईट?" मी बाळूदादाला विचारलं.

"संध्याकाळ धर." मग माझा चेहरा बघून तो म्हणाला, "थांब की, फाट्यावर पंक्चरवाल्याकडं डिझेलवरचा कॉम्प्रेसर हाय. ह्यात बी हवाच मारायची ना? चल, गाडीवर जाऊ."

मला रडू यायच्या बेतात होतं आणि हसू फुटलं. पंक्चरवाल्याची हवा मारली असती तर माझ्या फुप्फुसांची ट्यूबच फाटली असती. त्याचा भाव खरा होता बिचाऱ्याचा.

माझ्याकडे फुंकायचं एक छोटं यंत्र असतं, त्याला लाईट लागत नाही. एकटी असताना मी वाफेनंतर त्यावरच कफ मोकळा करते. पण वाफेशिवाय कफ जागचा हलेना. फुंकून फुंकून डोळ्यांपुढे अंधारी आली. छातीत ते ओळखीचं घट्टपण जमायला लागलं आणि मी खरंच घाबरले. पहिल्याच सकाळी हे असं? आईला काय सांगणार होते मी?

आत्या चुलीपाशी भाकरी थापत होती. ती उठली, साबणानं हात धुतले, माझ्यासमोर दोन्ही बाजूंनी उलटून दाखवले आणि म्हणाली, "कुशीवर व्हय."

"आत्या, तुला येतं अजून?"

"तुज्या बापानं शिकीवलंय. मरंस्तवर इसरन व्हय?"

मला आठवलं. दवाखान्यातल्या बाईंनी पप्पांना पाठीवर थाप द्यायला शिकवलं होतं, आणि मी सुट्टीत इथे असायचे तेव्हा त्यांनी ते आत्याला शिकवलं. पहिल्या दिवशी ती सपाट हातानं सटासट थापायला लागली, तशी मी किंचाळले. पप्पा म्हणाले होते, "अगं, भाकरी थापतीयास का? हात पोकळ धर, पाणी घेतल्यावानी." इतर दिवशी आत्या थापायची, गुरुवारी पप्पा यायचे. सुट्टीचा दिवस, लाईट नाही, पंखा नाही, सगळं गाव शांत, आणि त्या शांततेत माझ्या पाठीवर पप्पांचा हात. टप, टप, टप. मध्येच ते मला शेजारच्या घरच्या म्हशींची नावं विचारायचे, म्हणजे मी रडत नाही ना ते कळायचं.

आत्याचा हात पाठीवर पडला. पोकळ, जड, एका लयीत. मी डोळे मिटले. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की यंत्र बरं, कुणाच्या दारात उभं राहायला नको. पण माणसाच्या हाताची ऊब कुठल्या यंत्राला येते? मी हुंदके देऊन रडले. आत्या थांबली नाही. "रड, रड," म्हणाली, "त्यानं बी कफ सुटतो." आणि सुटला की खरंच! सगळा नाही, पण श्वास खाली उतरला.

चहा घेताना आत्या म्हणाली, "आईला नगं सांगू लाईटचं. उगा जिवाला घोर. थाप दिली न्हवं?"

मला ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. दुपारी बाळूदादानं कंपनीचं गेट दाखवलं, येताना इंद्रायणीच्या काठाला नेलं. पाण्यावर जलपर्णी पसरली होती. आम्ही लहानपणी जिथे पाय सोडून बसायचो तो दगड तेवढा जागेवर सापडला. तिथे बसूनही माझ्या डोक्यात एकच, सांगू की नको? संध्याकाळी लाईट आली, वाफ घेतली. शुक्रवारी सकाळी तर सगळं इतकं सुरळीत उरकलं की शिफ्टच्या आधी चहालाही वेळ उरला असता. म्हणजे जमत होतं. फक्त ती एक वेळ गिळून टाकली की नोकरी माझी.

आत्यानं मासवड्या बांधून दिल्या. परतीची बस मोशीच्या चौकात नेहमीप्रमाणे अडकली, आणि मी मनात वाक्यं जुळवत बसले.

ताथवड्याला पोचले तर आई गॅलरीत. पाणी दिलं, माझं जेवण झालं का विचारलं, मग समोर बसली. "हं. सांग."

"एक वेळ चुकली," माझ्या तोंडून निघूनच गेलं. मग गुरुवार, लाईट, पंक्चरवाला, आत्याची थाप, सगळं सांगितलं. आई पंक्चरवाल्यालाही हसली नाही. मला वाटलं, संपलं.

तिनं मशीनची पिशवी उचलून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "एकही चुकली नाही म्हणाली असतीस ना, तर मी तुला पाठवलं नसतं."

ती माझ्याजवळ सरकली.

"तुझे पप्पा ओव्हरटाइम करून यायचे आणि थाप देता देता तुझ्या पाठीवर हात ठेवून तसेच झोपायचे. तुला काय माहीत? सकाळी उठले की पहिलं मला सांगायचे, रात्री राहिलं गं. मग मी दुपारी तुला धरून बसायचे आणि तुझी शाळा बुडायची. चुकायचंच. माणसाच्यानं रोज होत नाही हे. पण त्यांनी एकदाही लपवलं नाही, म्हणून तू आज इथे बसलीयस." तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिथे राहिलीस तरी मला सांगत जा. चुकलं तरी सांग. मी ओरडणार नाही."

पप्पांचा हात माझ्या पाठीवर कधी थकला असेल, असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि तिनं माझं कपाळ पुसून विचारलं, "सोमवारी किती वाजता निघायचंय?"