सर्व्हरकाकूंनी लिहून घेतलं

भूजल कार्यालयात त्यांना सगळे सर्व्हरकाकू म्हणत. लागल्या होत्या टायपिस्ट म्हणून. कार्यालयात पहिला सर्व्हर आला तेव्हा त्याचं खोकं उघडायलाही कोणी पुढे होईना. काकूंनी ते उघडलं, आतली पुस्तिका घरी नेली आणि काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करत लिनक्स शिकून घेतलं. बोटं टायपिस्टची, त्यामुळे वेग भरपूर आणि चुका कमी. वर्षभरात त्या एका सर्व्हरवर त्यांनी तीन व्हर्च्युअल मशीन उभी केली: एक पत्रव्यवहाराला, एक नकाशांना आणि एक विहिरींच्या नोंदींना.

विहिरींच्या नोंदी म्हणजे नानांच्या. नाना सव्वीस वर्षं दर महिन्याला टेप आणि वही घेऊन चारशे विहिरींची पाणीपातळी मोजत फिरले होते. त्यांना हा प्रकार पटत नव्हता.

"एकाच पेटीत माझ्या विहिरी, त्यांचे नकाशे आणि साहेबांची पत्रं? सगळं कालवलं जाईल ना, पोरी."

"नाही नाना. पेटी एक आहे, पण आत तीन बिऱ्हाडं आहेत. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा, प्रत्येकाला वाटतं सगळं घर आपलंच. एकाकडे गोंधळ झाला तरी शेजारच्याला पत्ता लागत नाही."

"मग ठीक आहे. तुझ्या भरवशावर ठेवतो."

नानांनी तीन वर्षं बसून, एका बोटाने, सगळ्या वह्या मशीनमध्ये भरल्या. त्या भरून झाल्यावर कार्यालयाने वह्या रद्दीत काढल्या. काढा म्हणणारे होते तांत्रिक विभागाचे प्रमुख. ते जिन्यात शिरले की वरच्या मजल्यावर वास पोचायचा, म्हणून पाठीमागे त्यांना अत्तरसाहेब म्हणत.

अत्तरसाहेबांना सर्व्हरचं कळत थोडं होतं आणि हात घालायची हौस दांडगी. काही बदल करायचा झाला की ते आधी मशीनचा स्नॅपशॉट घेत. तेवढं बरोबरच होतं. स्नॅपशॉट घेतला की जुनी फाइल खाली गोठून राहते आणि नवं सगळं वरच्या पातळ थरात लिहिलं जातं. पण काम झाल्यावर तो थर खालच्या फाइलीत परत मिसळून टाकायचा असतो. ते साहेब कधी करत नसत. थर चढत जायचे, डिस्क भरत जायची. काकू रोज एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढत, तीही साहेबांनी बंद करवली. म्हणे त्यामुळे सकाळी पत्रं हळू उघडतात.

मग एका बुधवारी डिस्क काठोकाठ भरली आणि तिन्ही मशीन जागच्या जागी थबकली. काकू त्या दिवशी सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला गेल्या होत्या. साहेबांनी सर्व्हर उघडला. त्यांना एक अवाढव्य फाइल दिसली, तारीख दोन वर्षांपूर्वीची. जुनी दिसते, म्हणून त्यांनी ती पुसली आणि मशीन रीस्टार्ट केलं. ती नानांची मूळ फाइल होती. वरचा थर उरला, पण पायाच गेल्यावर तो कशावर उभा राहणार?

चौकशी एका दुपारात आटोपली. सर्व्हरवर काकू आणि साहेब एकाच लॉगिनने, एकाच पासवर्डने काम करत, त्यामुळे आज्ञा कोणी दिली हे नोंदीत दिसत नव्हतं. साहेब म्हणाले, "बाईंनी दवाखान्यातून लॉगिन करून घाईत काहीतरी केलं असणार." तेव्हाच्या संचालकांनी मान हलवली. सगळं खापर काकूंच्या डोक्यावर फुटलं आणि त्यांची बदली तळमजल्यावर, आवक-जावक टेबलावर झाली. पत्र आलं की शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, रजिस्टरात लिहायचं. बस्स.

नाना एकदा त्या टेबलाशी आले. रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "तुझ्याकडे जपायला दिलं होतं, पोरी." काकूंनी तोंड उघडायच्या आत ते वळून गेले. पुढच्या वर्षी नाना वारले. त्यांच्या घरी भेटायला गेलेल्या काकू दारातूनच परतल्या. आत जायला पाय उचलला नाही.

त्या दिवसापासून त्यांनी डूख धरला.

घरी एक जुना कॉम्प्युटर होता. रविवारी जेवणं झाली की काकू त्यावर बसत. छोटं व्हर्च्युअल मशीन उभं करायचं, त्यावर थर चढवायचे, डिस्क मुद्दाम भरायची आणि साहेबांनी केलं तसं ते मोडायचं. पुन्हा उभं करायचं, पुन्हा मोडायचं. नवरा ट्रक-गॅरेजात मेकॅनिक. तो चहाचा कप शेजारी ठेवून निघून जाई. सासूबाई मात्र खुर्ची ओढून बसत. उभी हयात कोर्टात कारकुनी केलेली बाई. सुनेवरचा आळ त्यांनी सुनेपेक्षा जास्त मनाला लावून घेतला होता.

"काय, सापडलं का काही त्याच्याविरुद्ध?"

"नाही, आई. पुरावाच राहिला नाही."

"मग त्याच्याकडूनच घ्यायचा. आणि तोंडी नाही हं. तोंडी कबूल करणारे मी ढिगाने पाहिले. जिना उतरेपर्यंत त्यांची जबानी बदललेली असायची. हाताने लिहून घे, खाली सही, वर तारीख."

अशाच एका रविवारी काकूंना शोध लागला. फाइल पुसली तरी, तिच्यावर चालणारं मशीन जोवर मेमरीत जिवंत आहे तोवर ती फाइल खरी जात नाही. नाव जातं, जागा अडलेलीच राहते. चालत्या प्रक्रियेच्या हातात ती धरलेली असते आणि तिथून तिची प्रत काढता येते. मशीन बंद केलं की हात सुटला. मग ती गेली.

म्हणजे त्या बुधवारी साहेबांनी रीस्टार्टचं बटण दाबलं नसतं तर नानांची सव्वीस वर्षं वाचली असती. पुसण्याने नव्हे, त्या बटणाने ती गेली होती. आतापर्यंत त्यांना साहेबांचा राग होता. आता सूड हवा झाला. हा शोध त्यांनी कोणालाच सांगितला नाही.

नानांच्या जागी त्यांची मुलगी लागली होती. तिने बापाच्याच टेपने चारशे विहिरी पहिल्यापासून मोजायला घेतल्या होत्या. नवा सर्व्हर आला, संचालकपदी एक नव्या बाई आल्या, पण सर्व्हरची खोली अत्तरसाहेबांच्याच हातात राहिली. आवक टेबलावरून जाणाऱ्या तक्रारी आणि मागणीपत्रांतून काकूंना सगळं कळत होतं. साहेब पुन्हा स्नॅपशॉट घेताहेत आणि तसेच सोडताहेत, डिस्क भरत आली आहे, प्रत काढायची सोय अजून कागदावरच आहे. एक ओळ लिहून वर पाठवली असती तर काम झालं असतं. काकूंनी ती लिहिली नाही. त्या शिक्के मारत बसल्या आणि वाट बघत राहिल्या.

दोन वर्षांनी, एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला, साहेब स्वतः जिना उतरून टेबलाशी आले. कपाळावर घाम होता.

"बाई, जरा वर येता? कोणाला सांगू नका."

सर्व्हरच्या खोलीत दोघंच. साहेबांनी दार लोटून घेतलं. "विहिरींचं मशीन अडकलंय. डिस्क फुल म्हणतं. मी एक जुनी फाइल काढली, तरी जागा मोकळी होत नाही. काही कळेना. म्हटलं आता रीस्टार्टच करावं."

"केलंत?"

"अजून नाही."

काकूंनी त्यांचा हात धरून माऊसवरून उचलला आणि बाजूला ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी साहेबांना हात लावला होता. मग दोन आज्ञा टाइप केल्या. मशीन थबकलेलं होतं पण जिवंत होतं. त्याच्या हातातल्या फाइलींची यादी पडद्यावर आली. एका नावापुढे लिहिलं होतं: डिलीटेड. चारशे जीबीची मूळ फाइल. रविवारी ज्याच्यावर शंभरदा हात बसवला, तेच चित्र.

"काय झालंय?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही पुन्हा तेच केलंय. नानांच्या मुलीच्या दोन वर्षांच्या विहिरी पुसल्यात. पण मशीन चालू आहे तोवर फाइल परत मिळते. रीस्टार्ट केलंत की संपलं."

"मग काढा ना परत. लवकर."

काकूंनी कीबोर्ड पुढे सरकवला, खुर्ची मागे घेतली आणि हात मांडीवर ठेवले. "आधी लिहा."

"काय लिहू?"

"मागच्या वेळची फाइल कोणी पुसली. मशीन कोणी रीस्टार्ट केलं. रोजची प्रत कोणी बंद केली. आणि आज काय केलंत. तुमच्या अक्षरात."

साहेबांनी आधी हसून पाहिलं. मग म्हणाले, "अहो, झालं गेलं. मी संचालकांशी बोलतो, तुम्हाला पुन्हा वर आणतो. शब्द देतो."

"शब्द नको. कागद हवा."

"बाई, ही अडवणूक आहे. मी तक्रार करेन."

"करा. तोपर्यंत रीस्टार्ट करायचं असेल तर माऊस तुमच्याजवळच आहे. मी अडवत नाही."

साहेब उभेच राहिले. यूपीएसवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यांनी दाराकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि शेवटी खिशातून पेन काढलं. प्रिंटरमधला कोरा कागद काकूंनीच पुढे केला. साहेबांनी दोन ओळी लिहिल्या.

"'माझ्याकडून अनवधानाने' असं लिहिलंय तुम्ही," काकू म्हणाल्या. "ठीक आहे. पण खोटा आळ अनवधानाने येत नाही. 'चौकशीत मी बाईंचं नाव खोटं घेतलं.' हे लिहा."

"हे नाही लिहिणार मी."

"बरं."

काकू खुर्चीला टेकून बसल्या. त्यांना घाई नव्हती. सर्व्हरचे पंखे घोंघावत होते. समोरच्या माणसाची कॉलर ओली होत चालली होती आणि ते बघण्यात त्यांना विलक्षण सुख वाटत होतं. इतकी वर्षं घशात अडकलेलं काहीतरी थेंबाथेंबाने खाली उतरत होतं. साहेबांनी ते वाक्य लिहिलं. सही केली. तारीख आणि वेळ काकूंनी सांगून घालून घेतली.

कागद घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवला आणि मग खुर्ची पुढे ओढली. नकाशा विभागातून नवी डिस्क मागवली, जोडली आणि मशीनच्या हातात धरलेल्या फाइलीची प्रत तिच्यावर काढायला सुरुवात केली. सव्वा तास लागला. तोवर त्यांनी साहेबांना बसा म्हटलं नाही. प्रत पुरी झाली, आकडे जुळले, तेव्हाच मशीन बंद केलं. वाचलेल्या फाइलीचा नवा पत्ता वरच्या थराला दिला, दोन्ही तपासून घेतले आणि मशीन सुरू केलं. पडद्यावर विहिरींची यादी उघडली. पहिल्या विहिरीपासून शेवटच्या विहिरीपर्यंत काकू खाली सरकत गेल्या.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"झालं."

"मग तो कागद... तो आपल्यातच राहील ना?"

"तसं मी कुठे म्हटलं?"

त्या तळमजल्यावर आल्या, आपल्या टेबलाशी बसल्या, कागद उलगडला आणि त्यावर आवकचा शिक्का मारला. क्रमांक टाकला. रजिस्टरात विषयाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: तांत्रिक विभागप्रमुखांचा कबुलीजबाब. एकदा क्रमांक पडलेला कागद त्या कार्यालयात कोणाला दाबता येत नसे. मागोमाग उतरलेले साहेब रजिस्टराकडे बघत राहिले. पाचावर धारण बसलेला माणूस कसा दिसतो, ते काकूंनी नीट बघून घेतलं. मग कागद वर संचालकबाईंकडे गेला.

महिन्याभरात साहेबांचं पद गेलं आणि त्यांना दूरच्या गोदामावर पाठवलं. जुन्या चौकशीचा निकाल रद्द झाला. संचालकबाईंनी काकूंना एकाच दिवशी दोन कागद दिले. एक, सर्व्हरच्या खोलीचा ताबा. दुसरा, ताकीद: धोक्यातली माहिती वाचवण्याआधी त्यांनी स्वतःचं काम साधून घेतलं. सासूबाईंनी दोन्ही कागद चष्मा लावून वाचले. "ताकीदही चांगल्या भाषेत दिली आहे," म्हणाल्या आणि त्या रात्री दोन घास जास्त जेवल्या.

नानांची मुलगी फेरीवरून परतली ती आठवड्याने. बूट धुळीने भरलेले, हातात टेपची पेटी. ती थेट सर्व्हरच्या खोलीत आली. काकू उठून उभ्या राहिल्या.

"ताई, मी तो कागद वाचला. बाबांना हे कळायला हवं होतं."

"हो गं," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "त्यांच्यासाठीच केलं."

मुलीने टेपची पेटी टेबलावर ठेवली. "एक विचारू? साहेब लिहीत होते तेव्हा माझ्या विहिरी कुठे होत्या?"

"मशीनमध्येच."

"म्हणजे तशाच लटकलेल्या? त्या वेळात लाइट गेली असती तर?"

"यूपीएस होता."

"त्याची बॅटरी तर पाच मिनिटंही टिकत नाही. मीच तक्रार लिहिली होती. तुमच्या टेबलावरूनच गेली ती."

काकूंना ती तक्रार आठवली. शिक्का त्यांनीच मारला होता.

"किती वेळ लिहीत होते ते?"

"बावीस मिनिटं."

"आणि लिहिलंच नसतं तर?"

काकूंना काहीतरी बरं बोलता आलं असतं. पण नानांच्या मुलीशी त्यांच्याने खोटं बोलवेना. "मी तशीच बसून राहिले असते," त्या म्हणाल्या.

मुलगी ओरडली नाही. तिने खिशातून एक छोटी डिस्क काढून टेबलावर ठेवली. "दर शुक्रवारी मी येत जाईन. माझ्या नोंदींची प्रत माझ्यासमोर काढून द्या."

तेव्हापासून ती दर शुक्रवारी येते. काकू प्रत काढतात, ती शेजारी उभं राहून आकडे जुळवते, डिस्क पिशवीत टाकते, "येते, ताई" म्हणते आणि जाते. चहाला थांबत नाही. साहेबांकडून लिहून घेतल्याचा काकूंना आजही पश्चात्ताप नाही. कोणी विचारलं तर त्या तसं सांगतातही. पण नव्या यूपीएससाठी त्यांनी त्याच आठवड्यात अर्ज केला, आणि तो मंजूर होईपर्यंत रोज सकाळी संचालकबाईंच्या दाराशी जाऊन उभ्या राहत होत्या.