प्रार्थनेचा विषय

आमच्या गुरुवारच्या महिला प्रार्थनासभेत आधी प्रत्येकीने आपला विषय सांगायचा असतो. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची नोकरी. मग पदर डोक्यावर येतात, डोळे मिटतात.

परवा सुलभाबाई म्हणाल्या, "सलोमीच्या सुनेसाठी प्रार्थना करू या. माहेरी निघून गेलीय. का गेली, ते मार्थामावशी सांगतील. शेजारीच राहतात."

सलोमी आमच्यातलीच, पण अजून आली नव्हती. सगळ्या पुढे सरकलो. आम्ही कुणाची निंदा करत नाही; आम्ही प्रार्थनेचे विषय सांगतो.

मार्थामावशींना सगळं ठाऊक होतं. मधली भिंत पातळ आहे. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. "प्रभू, तुला ठाऊक आहे," एवढंच म्हणाल्या. प्रार्थना सुरू झाल्यावर कोण काय विचारणार?

त्या शांततेत मला शुभवर्तमानातली ती बाई आठवली, जिला व्यभिचारी ठरवून दगड मारायला लोक जमले होते. ते प्रभूकडे निवाडा मागत होते, तेव्हा तो खाली वाकून जमिनीवर बोटाने लिहीत राहिला. त्याने काय लिहिलं असेल, यावर प्रवचनं पुष्कळ ऐकली. मला वाटतं, त्या बाईला पहिला श्वास मिळाला तो त्याच्या गप्प राहण्यातच.

दारात चपला काढल्याचा आवाज झाला. मी डोळे किलकिले केले. सलोमी होती. आत यावं की नाही, अशी उंबऱ्यावर थांबलेली. खोलीत फक्त पंखा ऐकू येत होता.

मार्थामावशी डोळे न उघडताच थोड्या सरकल्या आणि शेजारची सतरंजी हाताने सारखी केली.