बोटांची घाई

दर रविवारी सकाळी आम्ही तिघं तीर मारायला जमतो. आजवर किती तीर हरवले, देव जाणे. निशाण चुकून तीर कपाशीत शिरला की गेलाच! किस्से मात्र एकही हरवत नाही. दर आठवड्याला एखादा जमा होतो, आणि परतताना मोटरसायकलवर आम्ही जुनेही पुन्हा एकदा उगाळून घेतो.

आधी माणसं सांगतो. राठोड गुरुजी म्हणजे रिटायर्ड प्राथमिक शिक्षक. घाटंजीपासून थोडं दूर, आपल्या बंजारा तांड्यातच राहतात. सत्तरी गाठलीय, पण बांबूचा कामठा, म्हणजे धनुष्य, अजून स्वतः तासतात. दुसरे डॉक्टर काळे, घाटंजीचे दातांचे डॉक्टर. तिसरा मी, जोशी, कचेरीत हेडक्लार्क. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. धारदार वस्तू म्हणाल तर एक विळी!

*

डॉक्टरांना रोग आधी लागला. गुरुजींच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडब्याच्या पेंढ्यांचा भारा उभा केलेला असतो, त्यावर पोतं, आणि पोत्यावर चुन्याचा पांढरा गोल. डॉक्टर दोरी ताणायचे, तीराचं टोक गोलाकडे सरकायचं, आणि गोलाला पोचायच्या आतच बोटं उघडायची. सट्‌! ठरवून नाही हं, आपोआप. तीर कपाशीत.

"इंग्रजीत याले टार्गेट पॅनिक म्हणतात, निशाणाची धास्ती," डॉक्टर मोबाइलमध्ये बघून म्हणाले. "पण मले कसं होईल? वीस वर्षं झाले दाढा काढून राह्यलो, हात कधी हालला नाही!"

गुरुजींनी शांतपणे विचारलं, "दाढ काढताना घाई करता का?"

"छे! ती कुठं पळून चालली?"

"मंग डॉक्टर, निशाणाले का पाय आहेत?"

*

महिन्याभरात तोच रोग मला जडला. लाजेची गोष्ट अशी की मी डॉक्टरांना हसलो होतो.

माझं तर आणखी वाईट. टोक गोलाच्या खाली अडकायचं. वर नेऊ म्हटलं तरी हात वर जायचा नाही, जणू कोणी मनगट धरून ठेवलंय. आणि जोर लावून वर नेलं की बोटं सुटायची. बावन्न वर्षांचा माणूस, चुन्याच्या ठिपक्याला घाबरतोय!

गुरुजींनी पोतं काढून टाकलं. भाऱ्यापासून चार पावलांवर मला उभं केलं. "डोळे मिटा. निशाण नाही, काही नाही. नुसती दोरी ताणा, पाठ ताणा, आणि मनाले पटलं की सोडा."

सोडला. हात काय स्थिर! बोटं काय मऊ सुटली! दहाच्या दहा तीर सुरेख. मला वाटलं, झालो बरा.

गुरुजींनी पोतं परत टांगलं. अंतर तेच, चार पावलं. म्हणजे थुंकलो तरी गोलावर पडेल एवढं.

सट्‌! अर्ध्या ताणावरच सुटला.

मी मट्‌कन खाली बसलो. गुरुजी शेजारी येऊन बसले. म्हणाले, "तीर काही भेत नाही, साहेब. भेता तुम्ही. म्हणून त्याले एकट्यालेच पुढं धाडता, अन्‌ सवता मांगं राहता."



*

मग आम्हा दोघांना विचित्र शिक्षा झाली. तीर लावायचा, दोरी ताणायची, टोक गोलाच्या मधोमध न्यायचं, तिथं पाच आकडे मोजायचे, आणि न सोडता दोरी परत आणायची. किती दिवस? "मी सोडा म्हणत नाही तोवर!" गुरुजी म्हणाले.

दीड महिना आम्ही एकही तीर सोडला नाही.

धुऱ्यावरून तांड्यातला एक शेतकरी दर रविवारी बैल घेऊन जायचा. एक दिवस त्याला राहवलं नाही. "गुरुजी, हे शहरातले साहेब दर रविवारी नुसते ताणून राह्यले, उतरवून राह्यले. सोडत काहून नाहीत?"

"सोडाले त कोणालेही येते बावा," गुरुजी म्हणाले. "हे न सोडाले शिकून राह्यले."

तो माणूस बैलांसकट थांबून पाहत राहिला. हसला मात्र नाही.

*

याच दिवसांतली गोष्ट. कचेरीतून घरी आलो. बायको तिच्या भावाच्या घराची काहीतरी लांबलचक हकिगत सांगू लागली. मी ऐकत होतो. ती एकदम थांबली आणि माझ्याकडे रोखून पाहू लागली.

"काय झालं?" मी घाबरलो.

"बरं नाही का तुम्हाला?"

"का?"

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होऊ दिलंत!"

*

अखेर गुरुजींनी तीर सोडायची परवानगी दिली. पहिली पाळी डॉक्टरांची. अंतर वीस पावलं. डॉक्टरांनी दोरी ताणली. टोक गोलावर गेलं, ठरलं. मी मनात मोजत होतो. दोन, तीन...

तेवढ्यात तुरीतून एक शेळी निघाली आणि थेट भाऱ्यासमोर येऊन कडबा ओढू लागली! दोन महिन्यांपूर्वीचे डॉक्टर असते तर ती शेळी गेली होती.

डॉक्टरांच्या कपाळावर घाम. पण बोटं मिटलेलीच. हळूहळू, एखादं झोपलेलं पोर खाली ठेवावं तशी त्यांनी दोरी परत आणली.

गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. न सोडलेल्या तीराला टाळ्या मिळालेल्या मी तरी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत. डॉक्टर मात्र कामठा खाली ठेवून, तोंड फिरवून डोळे पुसत होते.

*

परवाच्या रविवारी डॉक्टरांनी विचारलं, "गुरुजी, तुमचे बोटं कधी सुटले नाहीत?"

गुरुजी बांबू तासत होते. हात थांबला.

"सुटले नं. बावीस वर्षांचा होतो. अर्ध्या ताणावर सुटला. समोरून माही याडी, म्हंजे माय, डोक्यावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्याचा भारा घेऊन येत होती. तीर भाऱ्यात घुसला. इतभर खाली असता तर..." त्यांनी बांबू खाली ठेवला. "तीन वर्षं कामठ्याले हात लावला नाही."

"मग?"

"एक दिवस सकाळी याडीनं कामठा माह्या हाती देल्ला. सवता कडब्याच्या भाऱ्याजवळ जाऊन बसली. निशाणापासून हातभर अंतरावर. मांडीवर ओढणी, हातात सुई. ओढणीवर बारके आरसे शिवून राह्यली होती. म्हणे, 'ताण. थकला की उतरव. मी म्हणीन तवा सोड.' मी रडकुंडीले आलो. म्हटलं, 'याडी, सुटला तर?' म्हणे, 'सुटला त सुटला. माहा हात त हालून नाही राह्यला.'"

गुरुजींनी बांबू परत हातात घेतला.

"मी ताणत होतो, उतरवत होतो. ती टाके घालत होती. सात आरसे टाकले. मंग दातानं दोरा तोडला अन्‌ म्हणे, 'आता.'"

"सोडला?"

"सोडला."

"कुठं लागला, गुरुजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मले काय मालूम!" गुरुजी म्हणाले. "मी याडीकडं पाहून राह्यलो होतो. ती आठव्या आरशासाठी दोरा ओवत होती."