शेपूट पुढे आलं त्या दिवशी

आमच्या मोटारसायकल क्लबात एक जागा अशी आहे, की ती कुणी मागत नाही. ओळीतली शेवटची. तिला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाने सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणाची गाडी बिघडली की थांबायचं आणि ती सुरू होऊन पुढे निघाली, की मग आपण निघायचं. पुढचे लोक मुक्कामाला पोचून, जेवून, बूट काढून गवतावर आडवे झालेले असतात, तेव्हा शेपूट कुठल्या तरी वळणावर दुसऱ्याच्या गाडीची चेन चढवत असतं.

ही जागा वर्षानुवर्षं लिफ्टवाल्या काकांची होती.

काका लिफ्ट दुरुस्त करतात. जुन्या इमारतींतल्या जाळीच्या दाराच्या लिफ्टपासून ते हॉस्पिटलातल्या, खाटेसकट माणूस मावेल अशा लिफ्टपर्यंत सगळ्या. आठवडाभर वर-खाली केलं, की एखादा दिवस आडवं जायला बरं वाटतं, असं ते म्हणतात. माझी त्यांची ओळखही लिफ्टमुळेच झाली. माझी बेकरी आहे. एका वाढदिवसाचा केक पोचवायला गेलो आणि दोन मजल्यांच्या मधोमध अडकलो. अंधार, गुदमरायला झालेलं, हातात तीन थरांचा केक. बऱ्याच वेळाने दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

"आत कोण आहे?"

"बेकरीवाला."

"एकटेच?"

"मी आणि केक."

"मग उपाशी नाही राहणार," बाहेरचा आवाज म्हणाला. "मी इथेच उभा आहे. कुठे जात नाही. केकवर काय लिहिलंय ते सांगा बघू."

मी केकवरचं नाव सांगितलं, मग ते कोणत्या मुलीचं, तिचे वडील काय करतात, अशा गप्पा सुरू झाल्या. दार उघडलं तेव्हा मी घाबरलो होतो हे विसरूनच गेलो होतो. बाहेर एक बुटका, टक्कल पडलेला गृहस्थ हातात पाना घेऊन उभा. त्याच महिन्यात काकांनी मला क्लबात ओढलं.

काकांच्या मागे कायम काकू. काकू पडदे शिवतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र आहे आणि गल्लीतल्या निम्म्या खिडक्या त्यांच्या हातच्या पडद्यांनी झाकलेल्या आहेत. गाडीवर त्या काकांना हाताने हुकूम सोडत. उजव्या खांद्यावर टिचकी म्हणजे हळू, डाव्या खांद्यावर म्हणजे चहा, दोन्ही खांदे धरले म्हणजे आता थांबा, पाय अवघडले. काका रस्त्याच्या कडेला कुणाच्या इंजिनात डोकं घालून बसले, की काकू पिशवीतून सुया आणि लोकर काढत. क्लबातल्या बहुतेकांकडे त्यांनी विणलेलं काहीतरी आहे. माझा निळा स्वेटर म्हणजे डॉक्टरांची दोन पंक्चर आणि एक तुटलेली क्लचवायर.

डॉक्टर म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. गाडी सगळ्यांत महाग आणि बंद पडण्यातही पहिला नंबर. गाडीचं काही बिनसलं, की ते हात वर करून बाजूला उभे राहत, जणू दरोडा पडलाय.

दर वसंतात आमचा मोठा मेळावा असतो. चार-पाच शहरांतले क्लब एका तळ्याकाठी जमतात, दुपारी सगळ्या गाड्यांची मिळून तळ्याभोवती फेरी निघते, रात्री तंबू. आमच्या अध्यक्ष म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाईच म्हणतात. त्यांची गाडी लालभडक, आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, आणि ओळीत त्या कायम पहिल्या.

त्या वर्षी निघण्याआधी बाईंनी सगळ्यांना माझ्या बेकरीसमोर उभं केलं आणि जाहीर केलं, की आजवर काकांनी सगळ्यांना मागून सांभाळलं, तर यंदा मान त्यांचा. आज काका पुढे. मी दुसरी. शेपूट कोण होणार?

कुणी पुढे येईना. शेवटी डॉक्टरांनी हात वर केला. ते काय बोलून बसले हे त्यांना बहुधा उशिरा कळलं.

काकांचा चेहरा पडला. "बाई, मला रस्ता ठाऊक नाही," ते म्हणाले.

"इतकी वर्षं जाताय की."

"तुमच्यामागून. मी रस्ता बघतच नाही. मी गाड्या बघतो."

लोक हसले. त्यांना वाटलं, काका विनय दाखवतायत. काका खरं तेच सांगत होते. नाही म्हणायला ते तोंड उघडणार, इतक्यात काकू म्हणाल्या, "अहो, एकदा जाऊ की पुढे. कायम लोकांच्या पाठी बघत गेलोय आपण."

मग काकांचा नाइलाज झाला. बाईंनी नकाशा त्यांच्या टाकीवर चिकटवला आणि बजावलं, साखर कारखान्याची चिमणी दिसली, की डावीकडे.

शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना शेतं लागली. मी तिसरा होतो, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. काकू खुशीत होत्या. पहिल्या थांब्यावर त्या मला म्हणाल्या, "रस्ता एवढा रुंद असतो होय रे? आणि धूर नाही, धूळ नाही. पुढच्या लोकांची मजा आहे." काका मात्र ताठ. त्यांचं निम्मं लक्ष आरशात. मागे कोण येतंय, कोण रेंगाळतंय, कुणाचा दिवा लुकलुकतोय. जन्मभराची सवय थोडीच जाते. आरशात बघता बघता त्यांना एक चिमणी दिसली आणि ते डावीकडे वळले.

ती वीटभट्टीची चिमणी होती.

आता मागे तीसेक गाड्या. त्यातल्या निम्म्या लोकांना रस्ता पाठ. पण बाईंना वाटलं, काकांना जवळची वाट ठाऊक असेल. मला वाटलं, बाई गप्प आहेत म्हणजे बरोबरच असणार. माझ्या मागच्यांना माझ्यामुळे तसंच वाटलं. रस्ता अरुंद झाला, मग डांबर संपलं, मग मातीच्या दोन चाकोऱ्या उरल्या आणि आम्ही रांगेने एका उघड्या फाटकातून कुणाच्या तरी अंगणात शिरलो. पुढे भिंत. वळायला जागा नाही. आणि अंगणभर बदकं.

तीस इंजिनांचा आवाज एकदम भिंतींवर आदळला आणि बदकांची पळापळ झाली. काही चाकांखालून, काही पायांमधून, कुंपणाच्या भगदाडातून सगळी शेजारच्या मक्यात. घरातून एक धिप्पाड बाई हातात बादली घेऊन बाहेर आली. तिने आधी गाड्यांकडे पाहिलं, मग रिकाम्या अंगणाकडे.

काकांनी हेल्मेट काढलं. "चुकलो," ते म्हणाले.

"ते दिसतंय," ती म्हणाली. "बदकं कोण आणणार?"

पुढचा सगळा वेळ आम्ही काळी चामडी जाकिटं घालून मक्यात वाकून फिरत होतो. बदक दिसायला मठ्ठ असतं, पण ते पकडायला जाऊन बघा. हाताला लागलं लागलं म्हणेपर्यंत हातावर तुरी देऊन दुसऱ्या ओळीत. बाईंनी शिट्टी वाजवून आमच्या तुकड्या पाडल्या. एका तुकडीने हाकायचं, दुसरीने अडवायचं. काकूंनी ओढणी पसरून एकावेळी चार पकडली आणि बदकवाल्या बाईच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं.

"पडदे शिवता काय?" तिने विचारलं, कारण काकूंनी ओढणीला हातासरशी चुण्या घातल्या होत्या. मग त्या दोघींचं जमलं.

सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा बदकवालीने फाटक लावून आपली बदकं मोजली. इकडे बाईंनी सवयीने आपली माणसं मोजली. बदकं पुरी भरली. माणूस एक कमी होता.

"डॉक्टर," काका म्हणाले. कुणी शोधायच्या आत त्यांना कळलं होतं.

त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं. इतक्या वर्षांत त्यांनी एकही माणूस रस्त्यावर सोडला नव्हता, आणि आज पुढे होते तर पहिल्याच दिवशी हे. फोनला रेंज नाही. मी आणि काका कशाबशा गाड्या वळवून निघालो. वाटेभर काका हळू जात होते आणि प्रत्येक चर, प्रत्येक झुडूप बघत होते. एका ठिकाणी त्यांनी गाडी थांबवून खाली उतरून ओढ्यात पाहिलं.

वीटभट्टीच्या फाट्यावर, झाडाखालच्या दगडावर डॉक्टर बसले होते. बूट काढलेले, जाकीट उशाशी, हातात उकडलेलं अंडं. कोपरापर्यंत काळे हात.

काकांचा जीव भांड्यात पडला, पण ते दिसू न देता त्यांनी विचारलं, "काय झालं गाडीला?"

"माझ्या गाडीला? काही नाही. टपालवालीची मोपेड बंद पडली होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. फाट्याच्या अलीकडे एक टपालवाली मोपेड ढकलत चालली होती. क्लबाची नव्हती ती. पण शेपूट आहोत म्हटल्यावर थांबायला हवं, असं डॉक्टरांना वाटलं. काका आजवर त्यांच्याच गाडीशी जे करत आले ते त्यांनी आठवून आठवून केलं. प्लग काढला, तो काजळीने भरलेला. घासायला काही नव्हतं, म्हणून पिशवीतला स्वतःचा दातांचा ब्रश घेतला.

"मी तिला सांगितलं, असं वर्तुळात घासायचं, मुळापर्यंत," डॉक्टर म्हणाले. "आणि काका, सुरू झाली. पहिल्याच किकला."

"मग आमच्या मागे का नाही आलात?"

"तिने सांगितलं, तिकडे बदकवाली राहते, पुढे रस्ताच नाही. म्हटलं, गेलेत ते परत येणारच. उगाच गर्दी कशाला करा."

मला हसू आवरेना. काकाही हसले, पण अर्धेच. डॉक्टर बूट घालता घालता म्हणाले, "काका, ही जागा मला आवडली. मागे कुणी हॉर्न वाजवत नाही. कुठेही थांबलं तरी कामच समजतात. मला राहू द्या तिथे."

काका हेल्मेटची काच पुसत बसले. "बघू," एवढंच म्हणाले. मला वाटतं, मानापेक्षा हे त्यांना जास्त जड गेलं. पुढची जागा त्यांना नको होती, पण मागची कुणी मागेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

अंगणात परतलो तर पार्टी रंगलेली. बदकवालीने मोठ्या पातेल्यात चहा टाकला होता, अंडी उकडली होती, माझ्या पिशवीतले पाव कुणीतरी न विचारता कापले होते. तळ्याभोवतीची फेरी एव्हाना संपली असणार. बाई जरा घुश्शात होत्या, पण काकांना त्या काही बोलल्या नाहीत. नकाशा काढून घेतला आणि स्वतःच्या टाकीवर लावला.

"चला, काका, तुम्ही आता कुठे?" त्यांनी विचारलं.

"मागे," काका म्हणाले. "डॉक्टरांबरोबर. मी शिकवतो त्यांना. ब्रशने भागत नाही नेहमी."

ते काकूंसाठी गाडीचं मागचं पायदान पाडायला वाकले. काकू तिथे नव्हत्या. त्या बाईंच्या लाल गाडीजवळ उभ्या होत्या.

"अहो," त्या जरा चाचरत म्हणाल्या, "बाईंची मागची जागा रिकामीच आहे. मी पुढे गेले तर चालेल?"

काकांनी पायदान पुन्हा वर केलं, सावकाश. "चालेल की," ते म्हणाले. "फक्त चिमणी नीट बघ."

तळ्यावर आम्ही संध्याकाळी पोचलो. इतर क्लबांनी रांगेत उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी 'क्वॅक क्वॅक' केलं. टपाल वाटत तळ्यापर्यंत गेलेल्या टपालवालीमुळे बातमी आमच्या आधी पोचली होती. 'क्वॅक क्वॅक' हेच नाव आम्हाला अजून चिकटलेलं आहे.

पुढे काकूंनी एक जुनी, हलकी गाडी घेतली. बाईंनी शाळेच्या मैदानावर त्यांना शिकवलं. त्या दोनदा पडल्या, एकदा गोलपोस्टवर आदळल्या, पण शिकल्या. यंदाच्या मेळाव्याला बाईंचा गुडघा दुखत होता, तर पुढे काकू होत्या. बदकवालीची अंडी आता माझ्या बेकरीत येतात.

मध्यंतरी काका माझ्याकडे पिठाची पोती चढवायची लिफ्ट बघायला आले होते. मी चहा दिला आणि विचारलं, इतकी वर्षं दोघं एका गाडीवर, आता काकू त्या टोकाला, तुम्ही या टोकाला, चुकल्यासारखं होत नाही?

त्यांनी बिस्कीट बुडवलं. "सुरुवातीला व्हायचं. पाठीला गार वाटायचं," ते म्हणाले. "पण पूर्वी मुक्कामाला पोचलो, की आम्ही दोघं गप्प. जे तिने पाहिलं तेच मी पाहिलेलं. बोलायचं काय? आता पोचलो की ती तंबूबाहेर वाटच बघत असते. आज पुलावर काय झालं सांगू का, म्हणते. मी म्हणतो, थांब, आधी माझं ऐक."

चहा संपवून ते उठले, पिठाच्या लिफ्टचं दार दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि वंगणाची बाटली मागितली.