पायरीवरची बादली

कुठल्याही भिंतीपाशी गेले की मिस्त्री आधी तिच्यावर उजवा तळहात ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. तापलेल्या मुलाच्या कपाळावर आई हात ठेवते, तसे. बाकीच्यांनी तोवर गप्प बसायचं. मग हात काढून, धोतराला पुसून ते सावकाश म्हणायचे, "बघूया. पाणी काय सांगता ता बघूया."

आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा कप हातात घेण्याआधी त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात ठेवला आणि जाहीर केलं, "वरच्यांची मोरी गळता हा." मी उत्साहाने वर जाऊन ही बातमी दिली. वरच्या बिऱ्हाडाने आमच्याशी दोन महिने अबोला धरला. पुढे त्यांनीच प्लंबर बोलावून फरशी उचकटली, तर खरोखरच मोरी गळत होती. त्यानंतर अबोला आणखी चार महिने वाढला.

आम्ही सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचो. मूळ गाव मालवणजवळ, राहायला घाटकोपरच्या डोंगरावर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. इमारतीचा कोनशिलेपासून गच्चीपर्यंतचा प्रत्येक दगड त्यांच्या हाताखालून जातो आणि कोनशिलेवर नाव भलत्याचंच असतं.

आमची गाठ पडली ती पोहण्याच्या तलावामुळे. मुलुंडला आमचं एक क्रीडा मंडळ होतं. कॅरम, बॅडमिंटन आणि वर्षातून एकदा भांडण, एवढे तिथले खेळ. ब्याऐंशी साल नुकतंच उलटलं होतं, लोकांकडे रंगीत टीव्ही यायला लागले होते आणि आमच्या अध्यक्षांच्या मनात आलं की आता मंडळाचा स्विमिंग पूल पाहिजे. अध्यक्ष औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या मनात आलेलं आमच्या ठरावात यायला फारसा वेळ लागत नसे. मी सेक्रेटरी, कारण मी बँकेत होतो आणि मला दहा बोटांनी टाइप करता यायचं. 'भरवशाचा कंत्राटदार शोधावा' असा ठराव झाला. समितीत आम्ही सात जण. पोहता एकालाही येत नव्हतं, पण माणूस भरवशाचा आहे की नाही हे आपल्याला चेहऱ्यावरून कळतं अशी सातही जणांची खात्री होती.

तीन जण भेटायला आले. पहिला सफारी घालून, हॉटेलांच्या तलावांचे रंगीत फोटो घेऊन आला. दुसरा अध्यक्षांचा साडू. त्याने काहीच आणलं नव्हतं आणि त्याची त्याला गरजही नव्हती. तिसरे मिस्त्री, हातात जेवणाचा डबा.

"आधी काय काय बांधलंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"आरे कॉलनीत गुरांचे हौद बांधलंय. बारा. म्हशी पाणी पितत."

समिती हसली. अध्यक्ष म्हणाले, "अहो, आमचा पूल सभासदांसाठी आहे."

"होय तर. म्हशी जास्त दंगो करतत," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "एक विचारू? हौद भरणार कुठल्या पाण्याने? आणि घाण झालेलं पाणी सोडणार कुठे?"

हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. सफारीवाल्यालाही नाही आणि साडूला तर नाहीच. मंडळाच्या आवारात एक जुनी विहीर होती, तिचं पाणी घ्यायचं, हे त्या प्रश्नानंतर ठरलं.

पुढच्या रविवारी मी बसने आरे कॉलनीत गेलो. भर दुपारची वेळ. हौद काठोकाठ भरलेला होता, म्हशी डोकी खुपसून पीत होत्या. मी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हौदाच्या बाहेरच्या भिंतीवर मिस्त्रींसारखा हात ठेवला. भिंत कोरडी ठाक, हाताला धूळ लागली. बुडाशी मुंग्यांची रांग चालली होती. मी परत येऊन समितीला सांगितलं, माझ्या जबाबदारीवर काम यांना द्या. आयुष्यात इतक्या ठामपणे मी पुन्हा कधी बोललेलो नाही.

काम मिळाल्यावर मिस्त्रींनी एकच गोष्ट मागितली.

"साहेबानू, काम झाला की एक चिठ्ठी द्या. मंडळाच्या छापील कागदावर. मिस्त्रीने हौद चांगलो बांधल्यान, एवढाच लिवा."

"चिठ्ठीचं काय एवढं?"

"तीस वर्षं बांधतंय. हौद माझो, नाव मुकादमाचा. कोणाकडे स्वतः काम मागूक गेलंय की इचारतत, कागद खय हा? माझ्या नावाचो एक कागद असलो तर माका मुकादम नको."

मी म्हटलं, "चिठ्ठी माझ्याकडे लागली." टाइप तर मीच करणार होतो.

तलाव हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत वापरला नाही. अध्यक्ष 'पूल' म्हणायचे, ठरावात 'जलतरण तलाव' होतं, ते आपले 'हौद' म्हणायचे. थंडीत सुरू झालेलं काम चैत्रात संपत आलं. अध्यक्षांनी अक्षयतृतीयेचा मुहूर्त काढला, एका मंत्र्यांचा होकार आणला आणि पत्रिका छापायला टाकल्या. मिस्त्रींनी पत्रिका पाहिली आणि विचारलं, "हौदाक इचारलास?"

त्यांची रीत अशी होती. हौद भरायचा, पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि सात दिवस कोणी हात लावायचा नाही. आठव्या दिवशी येऊन पाणी काय सांगतं ते ऐकायचं. शिवाय त्यांनी लोखंडाची एक बादली पाण्याने भरून हौदातल्या पहिल्या पायरीवर ठेवली, अर्धी पाण्यात बुडेल अशी. तिच्या आतही पेन्सिलीची रेघ मारली. ही बादली कशाला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. कोकणातला काहीतरी विधी असणार, असं आमचं एकमत झालं. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी तर बादलीत जास्वंदीचं फूल सोडलं आणि तिला हळदकुंकू वाहिलं.

पाचव्या दिवशी दुपारी मी सहज तलावावर गेलो. पाणी रेघेच्या खाली दोन बोटं उतरलं होतं.

म्हणजे हौद गळत होता. तीन दिवसांनी अध्यक्ष येणार, हे बघणार, साडू मागे उभा राहून हसणार. मिस्त्रींची चिठ्ठी गेली आणि माझी जबाबदारीही गेली. वॉचमन जेवायला गेला होता. मी विहिरीवरचा पंप सुरू केला, तासभर घामाघूम होऊन उभा राहिलो आणि पाणी रेघेला लागल्यावर बंद केला. बादलीकडे माझं लक्षही गेलं नाही. मनाशी म्हटलं, नंतर मिस्त्रींना गुपचूप सांगू, बारीकशी गळती असेल ती ते बुजवतील. एका गरीब माणसावर उपकार केल्याच्या आनंदात मी घरी जाऊन झोपलो.

आठव्या दिवशी सकाळी अध्यक्ष, मी आणि मिस्त्री काठाशी उभे. अध्यक्ष वाकून बघतात तर पाणी जवळजवळ रेघेला टेकलेलं.

"वा, मिस्त्री! झकास! थेंबभर नाही हललं!"

मिस्त्रींनी हौदाची रेघ पाहिली. मग पायरीवर उतरून बादलीतलं सुकलेलं फूल बाजूला काढलं आणि बादलीची रेघ पाहिली. मग त्यांनी मान वर करून पाहिलं. अध्यक्षांकडे नाही, माझ्याकडे.

"माझी चूक झाली," ते अध्यक्षांना म्हणाले. "रेघ मारूक चुकलंय. आणखी आठ दिवस लागतील."

"आठ दिवस? अहो, अक्षयतृतीया परवावर आली! मंत्री येतायत! वाट लागली ना आमची!"

"मंत्री पोहणार नाय, साहेबानू. पोरां पोहतली."

अध्यक्ष तिथे जे बोलले ते मी मंडळाच्या इतिवृत्तात लिहिलं नाही, इथेही लिहीत नाही. मिस्त्री खाली मान घालून ऐकून घेत होते आणि मी त्यांच्या शेजारी उभा राहून स्वतःच्या चपलांकडे बघत होतो.

अध्यक्ष गेल्यावर ते मला पायरीवर घेऊन बसले. त्यांनी मला बादलीचा विधी समजावला, अगदी तिसरीतल्या मुलाला समजवावा तसा. ऊन हौदातलंही पाणी पितं आणि बादलीतलंही. बादली गळत नाही. तेव्हा बादली जेवढी उतरली तेवढाच हौद उतरला, तर ते उन्हाने प्यायलेलं पाणी, हौद पास. हौद बादलीपेक्षा जास्त उतरला, तर गळती.

"पाचव्या दिवशी बादली किती उतरली असती?" पंपाचं कबूल करून मी विचारलं.

"दोन बोटां."

म्हणजे हौद पास होत होता. पास होणाऱ्या मुलाच्या पेपरात मी चोरून उत्तरं लिहिली होती आणि आता त्याला काय येत होतं ते दाखवून द्यायचा मार्ग उरला नव्हता.

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुम्ही माझ्यासाठीच केलास मा? आणि तुमका हय रवाचा आसा. मी काय, काम झाला की जातलंय." मग ते म्हणाले, "पण मोठ्या साहेबाक एकदा सांगा. आज नको. राग उतरलो की सांगा."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पूर्वीपासून तयार आहे.

पुढच्या आठ दिवसांत हौद आणि बादली दोन्ही सारखेच उतरले, केसाचाही फरक नव्हता. मंत्री मात्र हातचे गेले. उद्घाटन जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हस्ते झालं, तेही सावलीत उभं राहून. तलाव उत्तम झाला होता. आमच्या कॉलनीतली सगळी पोरं त्यात पोहायला शिकली, माझाही मुलगा शिकला.

राहिली चिठ्ठी. ती मी अध्यक्षांच्या समोर बसून, त्यांनी इंग्रजीत सांगितली तशी टाइप केली. काम समाधानकारक, मात्र कंत्राटदाराच्या स्वतःच्या मोजमापातील चुकीमुळे विलंब झाला व मंडळाची गैरसोय झाली, असं तिचं मराठी होईल. 'स्वतःच्या' या शब्दाशी माझी बोटं थांबली. अध्यक्षांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "रिबन अडकली." मग शब्द टाइप झाला. खाली सही माझी.

मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, छापील नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बरा लिवलास मा?"

"हो, चांगलं लिहिलंय," मी म्हणालो.

त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्याच्या झाकणाखाली ठेवला आणि निघाले. फाटकाच्या खांबावर जाता जाता त्यांनी तळहात टेकवला. मी ठरवलं, पुढच्या आठवड्यात मंडळाचा एक कागद काढायचा, खरं काय ते लिहायचं आणि घाटकोपरला जाऊन देऊन यायचा. तो कोरा कागद मी खरोखर काढलाही. तो माझ्या खणात चार वर्षं होता आणि पुढे मुलाने त्यावर विमान काढलं.

चार वर्षांनी आमच्या इमारतीची गच्चीवरची टाकी गळायला लागली. तीन जणांनी ती दुरुस्त केली आणि ती तीनदा पुन्हा गळली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, भरवशाचा माणूस बघा. त्याक्षणी मला मिस्त्री आठवले. त्याआधी आठवले नव्हते असं नाही, पण त्याआधी माझं काही अडलं नव्हतं.

घाटकोपरच्या डोंगरावर विचारत विचारत मी त्यांच्या खोलीपाशी पोचलो. श्रावणातले दिवस, सगळ्या वस्तीच्या भिंती ओल धरलेल्या. दार सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने उघडलं. मी नाव सांगितलं, मुलुंडचं मंडळ सांगितलं. तिचा चेहरा एकदम उजळला.

"सेक्रेटरीसाहेब? या ना, बसा. बाबा गेले, शिमग्यानंतर. काविळीने. पण म्हणायचे, तुम्ही येणार म्हणून."

मी आत जाऊन बसलो. बसताना भिंतीला हात टेकला गेला. भिंत कोरडी होती.

मुलीने देवांच्या फळीवरून प्लास्टिकची पिशवी काढली आणि त्यातून चिठ्ठी. घड्या जिथल्या तिथे होत्या.

"आधी बाबा सगळ्यांना दाखवायचे. लोक वाचायचे आणि कळवतो म्हणायचे. मी नववीत गेले तेव्हा मला वाचायला दिली. मी सांगितलं, बाबा, यात तुमची चूक लिहिलीय. मग नाही दाखवली कोणाला. परत मुकादमाकडेच जायला लागले."

"मला काही म्हणाले?"

"नाही हो. म्हणाले, मोठे साहेब शेजारी बसले असतील, म्हणून तसं लिहिलंय. बदलून द्यायला येतील, जपून ठेव. आई चिडायची, एवढ्या वर्षांत नाही आले ते आता कशाला येतील? तर बाबा म्हणायचे, येतील, भरवशाचो माणूस आसा."

तिने दप्तरातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. मी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली, 'स्वतःच्या' हा शब्द खोडला आणि खाली मराठीत लिहिलं, 'हौदात पाणी मी घातलं होतं. हौद पहिल्या दिवसापासून गळत नव्हता.' त्याखाली सही केली. माझी सही चार वर्षांत जराही बदलली नव्हती.

मुलीने ते दोनदा वाचलं. मग कागद छातीशी धरून तिने विचारलं, "एवढ्यासाठी मुद्दाम मुलुंडहून आलात?"

"हो," मी म्हणालो.